गुरुवारचा अंगठा

“पण आक्का, ओरडले नाही हा गुन्हा कधीपासून झाला?”

निकम मॅडम उभ्यानंच विचारत होत्या. एक पाय अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

हौसाक्का पाटावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली आणि पिशवी मांडीखाली सरकवली.

पिशवीत मॅरेथॉनचा एकच नंबर उरला होता. तो निकम मॅडमचा.

“गुन्हा कोण म्हणालं?” आक्का म्हणाल्या. “नंबर देत न्हाई, एवढंच म्हणाले.”

“का पण?”

“...”

‘का’ विचारलं की आक्का गप्प बसतात. मला अकरा वर्षांची सवय आहे. मॅडमना नव्हती. त्या माझ्याकडं बघायला लागल्या, आणि मी चहाच्या कपात बघायला लागलो.

आता आधी नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी विक्षिप्त आहे. आहेच थोडी, पण उगाच नाही.

मी जयसिंग थोरवडे. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं इंजिनं उघडली. रिटायर झालो तेव्हा पोट आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले होते. हौसाक्कांनी मला पळायला लावलं. नुसतं मलाच नाही, कृष्णाकाठच्या आमच्या या तालुक्याच्या गावातल्या त्रेचाळीस जणांना त्यांनी पहिली मॅरेथॉन पळायला लावली. बेचाळीस किलोमीटर, पूर्ण. त्यातल्या एकालाही रस्त्यावरून उचलून गाडीत घालावं लागलं नाही. ही गोष्ट मी कुणालाही छाती काढून सांगतो.

आक्का सरकारी नर्स होत्या. चौतीस वर्षं डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतपणं केली. तिकडं एसटी जात नव्हती म्हणून पायी जायच्या. आणि निरोप नेहमी ‘लवकर या’ असाच यायचा, म्हणून पळत जायच्या. नोकरी सुटली, पळणं सुटलं नाही. आज त्या शहात्तर वर्षांच्या आहेत आणि सकाळी पुलापर्यंत पळून आल्याशिवाय चहा घेत नाहीत.

मॅरेथॉनच्या आधीच्या आठवड्याचे त्यांचे नियम ठरलेले आहेत. चार किलोमीटरच्या वर पळायचं नाही. नवा बूट नाही, नवा मोजा नाही, लग्नाचं जेवण नाही. नखं कापायची ती गुरुवारपर्यंत, नंतर नाही. आणि झोपायचं. झोप येत नसली तरी आडवं पडून छताकडं बघायचं.

आणि गुरुवारी सकाळी आक्कांच्या ओट्यावर यायचं. अंगठ्यासाठी.

सगळ्यांचे छातीवर लावायचे नंबर मी बुधवारीच कोल्हापूरहून आणून आक्कांकडं दिलेले असतात. पहिल्यांदा पळणाऱ्यानं ओट्यावर बसायचं, पाय पुढं करायचा. आक्का पोटरीत अंगठा रोवतात. बाळंतिणींची अंगं चोळलेला अंगठा आहे तो. नेमकी जागा त्यांना न बघता सापडते. तिथं दाबलं की माणूस ओरडतो. ओरडला की आक्का नंबर देतात आणि वर गुळाचा खडा देतात.

एवढीच रीत आहे. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. ओरडलो, नंबर घेतला, गूळ खाल्ला आणि घरी गेलो.

त्या गुरुवारी चौघं होते.

औषधाच्या दुकानाचा इरफान ‘या अल्ला’ म्हणून जागचा उडाला. साळुंखे सरांनी आईला हाक मारली, आणि ते स्वतः दोन नातवंडांचे आजोबा आहेत. कॉलेजातली मनाली तर आक्कांचा अंगठा जवळ येताना बघूनच किंचाळली. आक्का हसल्या आणि तिला न दाबताच नंबर दिला.

मग निकम मॅडम बसल्या.

शर्वरी निकम. आमच्या ठाण्यात फौजदार म्हणून येऊन त्यांना वर्ष झालं होतं. वय तिशीच्या आतबाहेर. सरळ चालायच्या, सरळ बोलायच्या. पळण्यात आमच्या सगळ्यांच्या पुढं. हा आमच्या गटातला आजवरचा सगळ्यात दमदार गडी, असं मी स्वतः चारचौघांत म्हणालो होतो.

आक्कांनी अंगठा रोवला.

मॅडमनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोळे लावले.

आक्कांनी अजून दाबलं. मॅडमच्या गळ्याची शीर वर आली. कपाळावर घाम आला. आवाज नाही. बराच वेळ गेला. शेवटी साळुंखे सरांनी टाळ्या वाजवल्या, मग इरफाननं, मग आम्ही सगळ्यांनी.

आक्कांनी हात पदराला पुसले.

“तुझा नंबर ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या.

आणि तिथून ते न ओरडण्याच्या गुन्ह्याचं सुरू झालं.

“मी चौतीस किलोमीटर पळालेय आक्का. तीन आठवड्यांपूर्वी. तुमच्यासमोर.”

“व्हय. बघितलंय की.”

“या तिघांपैकी कुणी पळालंय?”

“कुणी न्हाई.”

“मग त्यांना नंबर, आणि मला नाही?”

“पोहे केल्यात,” आक्का म्हणाल्या. “खाऊन जा.”

मॅडमनी पोहे खाल्ले नाहीत. बूट घातला, नाडी करकचून बांधली आणि गेल्या. गल्लीच्या तोंडाशी जीपचा आवाज आला, तोसुद्धा रागावल्यासारखा वाटला मला.

सगळे गेल्यावर मी आक्कांना म्हणालो, “हे काय मला पटलं नाही. पोरगी खडकासारखी आहे. गाडी आवाज करत नाही म्हणजे चांगलंच असतं की.”

“थोरवडे, तुमच्या वर्कशॉपात गप इंजिन आलं, की काय करायचा तुम्ही?”

“आधी बघायचो, चालू आहे का.”

आक्कांनी माझा कप उचलला आणि विसळायला आत नेला.

शुक्रवारी दुपारी मॅडम वर्दीत आल्या. जेवणाची सुट्टी काढून आल्या असाव्यात. मी ओट्यावरच होतो. त्या दिवसांत माझा मुक्काम तिथंच असतो. कुणाला बूट दाखवायचा असतो, कुणाला पोट बिघडल्यासारखं वाटत असतं. पहिल्यांदा पळणाऱ्याला शेवटच्या तीन दिवसांत जगातले सगळे आजार होतात.

“चौकात बघितलंत का आक्का?” मॅडमनी विचारलं.

चौकात फ्लेक्स लागला होता. पंधरा फुटांचा. वर्दीतल्या मॅडम, हातात ट्रॉफी. ती कुठल्यातरी दुसऱ्याच फोटोतून कापून चिकटवली होती. खाली लाल अक्षरांत, ‘मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल आमच्या लाडक्या मॅडमचे हार्दिक अभिनंदन’. त्याखाली ठाण्यातल्या आणि चौकातल्या बावीस जणांचे पासपोर्ट साइज चेहरे. रविवारी दुपारी लावायचा तो, पण पोरांना धीर कुठला. आमच्याकडं नेता निवडून यायच्या आत त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स छापून तयार असतो, मग ही तर आपली माणसं.

“बघितला,” आक्का म्हणाल्या. “फोटो झ्याक आलाय.”

“मी लावा म्हणाले नव्हते. रविवारी ते खरंच होणार आहे. मी पूर्ण करणार आहे, आक्का. फक्त नंबर द्या.”

“...”

मॅडम खाली बसल्या. वर्दीची पँट दुमडली, पाय पुढं केला.

“दाबा.”

आक्कांनी दाबलं.

“आई गं,” मॅडम ओरडल्या. चांगल्या दणक्यात ओरडल्या. ओट्याखाली कुत्रं झोपलं होतं, त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

आक्का अंगठा काढून घेत म्हणाल्या, “तुमच्या ठाण्यात कोण असं ओरडलं, तर तुला काय वाटतंय?”

मॅडम खाली बघत म्हणाल्या, “नाटक आहे, असं.”

“कशावरनं कळतं?”

“खोटं ओरडणारा आधी श्वास घेतो.”

“तू घेतलास.”

मॅडम हसल्या. मला वाटलं आता चिडतील, पण हसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीला टेकल्या.

“सांगू का आक्का? ट्रेनिंगला होते तेव्हा मैदानावर पाय मुरगळला. तोंडातून ‘आई’ गेलं. एकदाच. पुढं नऊ महिने सगळी बॅच मला ‘आई’ म्हणून हाक मारायची. आई, इकडं या. आई, डबा आणला का. पासिंग आउटच्या दिवशीसुद्धा.”

आक्का ऐकत होत्या.

“त्या दिवशी ठरवलं. पुन्हा आवाज काढायचा नाही. मोर्चात दगड लागला, सहा टाके पडले. नाही काढला. अक्कलदाढ काढली. नाही काढला. मुलगा झाला, तेव्हाही नाही.”

“मुलगा झाला तवाबी न्हाई?”

“नाही. चौदा तास. डॉक्टर म्हणाले, अशी पेशंट बघितली नाही.” मॅडमची मान ताठ झाली. “मला अभिमान आहे त्याचा. तुमच्याशी खोटं कशाला बोलू. आज ठाण्यात पंचवीस पुरुष मला सॅल्यूट मारतात, ते या गप्प बसण्याला मारतात.”

हे मला पटलं. आत्ताही पटतं. मी मान डोलावली.

आक्कांनी अंगणाकडं बघितलं.

“वरच्या अंगाला एक वाडी होती,” त्या म्हणाल्या. “पाटलाची सून अडली म्हणून निरोप आला. मी आपली गेले पळत. तर घरात पावणे बसलेले. नणंदेला बघायला आलेले. आत ही. माझा हात धरलेला, आन् तोंडात पदराचा बोळा. मी म्हणाले, ओरड बाई, कुठं दुखतंय मला कळू दे. तिनं नुसती मान हलवली. बाहेर पावणे हायत म्हणून.”

“मग?”

“...”

“मग काय झालं, आक्का?”

“पोर रडलं. ती गपच ऱ्हायली.”

कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि दुसरीकडं जाऊन झोपलं.

“ओरडणाऱ्या बायकांचं मला कधी भ्या वाटलं न्हाई,” आक्का म्हणाल्या. “घर डोक्यावर घेऊ देत. मी च्या पीत बसायची.”

मॅडमनी टोपी घातली. उठल्या.

“मी ती सून नाही, आक्का.”

“न्हाईस,” आक्का म्हणाल्या. “तिच्यापरीस तुझं पावणे लई हायत.”

मॅडम गेल्यावर मला राहवलं नाही. एक गोष्ट माझ्या पोटात तीन आठवडे होती. चौतीस किलोमीटर पळालो त्या रविवारी मॅडमनी बूट काढला, तेव्हा त्यांच्या डाव्या पायाचा मोजा पुढच्या बाजूला लाल झाला होता. सगळे त्यांचं कौतुक करत होते. त्यांनी झटकन सपाता घातल्या आणि मोजा पिशवीत कोंबला. मी बघितलं, हे त्यांना कळलं नाही. शेवटचे आठ-दहा किलोमीटर त्या तशाच पळाल्या असणार, आणि आमच्याशी हसत बोलत पळाल्या होत्या.

हे मी आक्कांना सांगितलं.

“मला ठाऊक हाय,” आक्का म्हणाल्या.

“मग बोलत का नाही तिला?”

“पाय कुणाचा हाय, थोरवडे?”

मी उठून चपला घातल्या.

शनिवारी अकराला आमची गाडी मॅरेथॉनसाठी कोल्हापूरला निघायची होती. साडेसातलाच मॅडम आल्या. साध्या कपड्यांत, पाठीवर बॅग भरलेली. डोळे सांगत होते की झोप झालेली नाही.

“काल आयोजकांना फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “दुसरा नंबर देतो म्हणाले. ओळखपत्र दाखवायचं फक्त.”

“बरं झालं की,” आक्का म्हणाल्या. “मग इकडं वाट वाकडी करून कशाला आलीस?”

मॅडम ओट्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या. बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर केला.

“...तुमच्या हातून पाहिजे.”

हे बोलायला त्यांना चौदा तास लागले असावेत असं मला वाटलं. मला एकदम त्यांचं फार वाईट वाटलं. नऊ महिने एक दिवस चुकवला नाही या पोरीनं. पावसात आली, बंदोबस्ताहून थेट आली, सणावाराला आली. आक्का, द्या की आता, असं मी म्हणणारच होतो.

“बस,” आक्का म्हणाल्या. “आज तू दाब.”

आणि त्यांनी स्वतःचा पाय पुढं केला. लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं. शहात्तर वर्षांचा पाय, काटकुळा, निळ्या शिरांचा.

मॅडम गोंधळल्या. आधी वाकून पायाला हात लावून नमस्कार केला, मग अंगठा ठेवला. हलकाच.

“पोलिसाचा अंगठा हाय का पिठाचा?”

मॅडमनी जरा जोर लावला.

आणि आक्का ओरडल्या.

काय ओरडल्या म्हणून सांगू. अकरा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. “अगं आई, आई, आई गं, मेले” असा, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. मॅडमनी चटका बसल्यासारखा अंगठा उचलला.

शेजारच्या मुजावर वहिनी कणकेच्या हातांनी पळत आल्या. समोरच्या गॅरेजमधला सदा पाना हातात घेऊन आला. दूधवाल्यानं सायकल तशीच आडवी टाकली. पलीकडच्या माळ्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं, काय झालं.

“काय न्हाई,” आक्का म्हणाल्या. “पाय दुखला.”

“कसला घाबरवला जीव,” मुजावर वहिनी म्हणाल्या. “बाम देते पाठवून.” आणि कणकेचे हात झाडत गेल्या. सदानं पाय बघितला, मान हलवली, गेला. दूधवाल्यानं सायकल उचलली. मिनिटाभरात गल्ली पुन्हा आपापल्या कामाला लागली.

मॅडम कानापर्यंत लाल झाल्या होत्या. जणू त्याच ओरडल्या होत्या.

“आक्का, सगळे बघत होते.”

“आले का न्हाई?”

“आले.”

“कसं आले?”

मॅडमनी गल्लीकडं बघितलं.

“...पळत.”

“आन् तू काय केलंस?”

“अंगठा उचलला.”

“मी उचल म्हणाले?”

“नाही.”

आक्कांनी लुगडं खाली केलं आणि त्या पोटरी चोळत बसल्या. खरंच दुखलं होतं त्यांना.

मी तोंड उघडलं. आता याचा अर्थ मॅडमना नीट समजावून सांगावा म्हणून. आक्कांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी मिटलं.

मॅडम पायरीवर बसल्या. सदाच्या गॅरेजात ठोकाठोकी सुरू झाली होती. मग त्यांनी डावा बूट काढला. मग मोजा, हळूहळू, पुढच्या टोकाला अडकला तिथं थांबून. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, अर्धं सुटलेलं, आणि कडेला सुजलेलं. त्यांनी आक्कांचा हात धरला आणि स्वतःहून तिथं नेऊन ठेवला.

“इथं,” म्हणाल्या.

आक्कांनी दाबलं नाही. नुसतं टेकवलं.

“स्स्... आई.”

आवाज अगदी बारीक होता. पण आधी श्वास घेतलेला नव्हता. मॅडमनी पटकन तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी तोपर्यंत रस्त्याकडं बघायला लागलो होतो. तेवढी अक्कल मला आहे.

“कधीपासनं?” आक्कांनी विचारलं.

“चौतीस किलोमीटरपासून. म्हणजे... त्याच्या आधीपासून. बूट अर्ध्या नंबरानं लहान होता. बदलला मी नंतर.”

“कुणाला सांगितलंस?”

“कुणाला नाही.”

“नवऱ्याला?”

“झोपताना मोजे घालते.”

आक्कांच्या तोंडून “अरे देवा” एवढं निघालं. मग त्यांच्यातली नर्स उठली. थोरवडे, कोमट पाणी. थोरवडे, मीठ. थोरवडे, इरफानकडनं चिकटपट्टी, पांढरी, रुंद. मी तीनदा आतबाहेर केलं आणि एकदा इरफानकडं पळालो. आक्कांनी पाय परातीत बुडवला, सुटलेलं नख तेवढंच कापलं, कापूस ठेवला, पट्टी बांधली. मॅडम मधेमधे “स्स्” करत होत्या. एकदा “हळू की आक्का” असंही म्हणाल्या. आक्का त्या प्रत्येक आवाजाला हात थांबवत होत्या.

“पळता येईल?”

“नखासाठी कोण ऱ्हातंय व्हय. तशीच चौतीस पळालीस. नाडी पुढनं सैल बांध. आन् उद्या दुखलं की दुखतंय म्हण. पाण्याच्या टेबलापाशी डॉक्टर बसत्यात ते काय शोभेला न्हाईत.” आक्कांनी पट्टीचं टोक दाबून बसवलं. “तीन आठवड्यांमागं सांगितलं असतंस, तर आज पाय बरा असता.”

“हो.”

“व्हय म्हणू नगंस नुसतं.”

“दुखत होतं, आक्का,” मॅडम म्हणाल्या. “खूप दुखत होतं.” आणि डोळे पुसले. लपवून नाही, सरळ बाहीनं पुसले.

आक्कांनी मांडीखालची पिशवी काढली. गाठ सोडली. नंबर काढला, चार टाचण्या काढल्या आणि मॅडमच्या ओंजळीत ठेवल्या. वर गुळाचा खडा.

मॅडम उठल्या. एका पायात बूट, एक पाय पट्टीतला. टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. आक्कांना असलं काही आवडत नाही, पाया पडलेलंसुद्धा फार चालत नाही. पण त्या दिवशी त्यांनी तो घेतला. पाटावरच बसून, मान ताठ करून घेतला. आपण अशा बाईच्या हाताखाली पळालो, याचा मला फार फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवत नाही.

तेवढ्यात साळुंखे सर, इरफान, मनाली बॅगा घेऊन आले. मनालीनं मॅडमच्या हातातला नंबर बघितला आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. या वेळी मॅडम लाजल्या.

गाडी आली. सगळे आक्कांच्या पाया पडून चढले. मॅडम मागं रेंगाळल्या. पट्टीच्या पायानं लंगडत परत ओट्यापाशी आल्या.

“आक्का, एक विचारायचं होतं.”

“विचार की.”

“उद्या आमच्या पोलीस लाइनीतल्या बायका येणार आहेत. ट्रक केलाय त्यांनी. कॉन्स्टेबलांच्या बायका, लेडी कॉन्स्टेबल, त्यांच्या पोरी. बत्तिसाव्या किलोमीटरला उभ्या राहणार आहेत. मीच सांगितलंय, या बघायला, आपली बाई कशी पळते ते.”

“चांगलं केलंस.”

“नेमकं तिथंच दुखलं तर?”

गाडीनं हॉर्न दिला.

“मग तिथं जरा मोठ्यानं ओरड,” आक्का म्हणाल्या. “मागं उभ्या असत्यात त्यांना ऐकू येत न्हाई.”